पाइपातून तेल गेलं, महसूल कधी धरायचा? तेलवाहिनीच्या ग्राहक-करारांचा हिशेब, पायरीपायरीने

सोलापूरहून मोहोळच्या दिशेने निघालं की पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो लागतात. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर ही ५०८ किलोमीटरची वाहिनी पुण्याजवळच्या लोणीमार्गे इथे येते. अशा वाहिन्यांच्या कंपन्यांचं ऑडिट करणारे, त्यांच्या हिशेब विभागात बसणारे आणि आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, पहिल्यांदाच असा करार हातात घेणारे, या सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो: ग्राहकाला बिल पाठवलं, पैसे आले, पण यातला महसूल किती आणि कोणत्या तारखेचा?

उत्तर बिलात सापडत नाही, करारात सापडतं. ग्राहकाने प्रत्येक किलोलिटरची वाहतूक विकत घेतली आहे की पाइपातली जागा, हे आधी ठरवायचं. पुढच्या बहुतेक नोंदी त्यावर ठरतात.

नियम आहे इंड एएस ११५, म्हणजे महसुलाचं भारतीय लेखा मानक. तो १ एप्रिल २०१८पासून लागू झाला आणि त्याने इंड एएस १८ व ११ या दोन जुन्या मानकांची जागा घेतली. करार ओळखा, त्यातल्या सेवा वेगळ्या करा, व्यवहार-किंमत ठरवा, ती सेवांमध्ये वाटा, आणि सेवा पुरी होईल तसा महसूल धरा, असे त्याचे पाच टप्पे. तेलवाहिनीत अडतं ते बहुतेक दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्यावर. खालच्या उदाहरणांतले दर आणि आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत.

पाइपात तेल कोणाचं?

हे सगळ्यात आधी विचारा. कंपनी स्वतःचंच डिझेल स्वतःच्या वाहिनीतून रिफायनरीतून डेपोला आणत असेल, तर त्या वाहतुकीचा महसूल शून्य. पंपिंगची वीज, देखभाल, घसारा हा सगळा खर्च माल योग्य जागी आणण्याचा खर्च म्हणून साठ्याच्या मानकाप्रमाणे, म्हणजे इंड एएस २ प्रमाणे, साठ्याच्या किमतीत जातो. महसूल येतो तो डेपोवर माल विकला जातो आणि ताबा ग्राहकाकडे जातो तेव्हाच. वाहिनी विभागाने विपणन विभागावर आतल्या आत बिल लावलं असेल तर ते कंपनीच्या पातळीवर पुसलं जातं. विभागवार माहितीत ते दिसेल, विक्रीत दिसता कामा नये.

दुसऱ्या कंपनीचं तेल वाहिलं तरच वाहतुकीचा महसूल. तेल कंपन्या एकमेकींच्या डेपोतून माल उचलतात, तेव्हाही नीट पाहावं लागतं. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांनी आपापल्या ग्राहकांना सोयीने माल मिळावा म्हणून मालाची अदलाबदल केली, म्हणजे एकीने मुंबईत डिझेल दिलं आणि दुसरीने सोलापुरात तेवढंच परत दिलं, तर मानक अशा अदलाबदलीला महसुलाच्या कक्षेबाहेर ठेवतं. अंतराच्या फरकापोटी रोख मिळत असेल तर ती रक्कम सेवेची. वाहिनी कंपनीने एका टोकाला तेल ‘विकत’ घेऊन दुसऱ्या टोकाला त्याच ग्राहकाला ‘विकलं’ असं कागदावर असेल, आणि भावाच्या चढउताराची जोखीम तिच्यावर कधीच येत नसेल, तर दोन किमतींतला फरक तेवढाच महसूल. पूर्ण विक्री दाखवली तर उलाढाल कित्येक पट फुगते आणि नफा मात्र तोच राहतो. ऑडिटमध्ये पहिली शंका तिथेच येते.

हा करार भाड्याचा तर नाही?

महसुलाकडे जाण्याआधी इंड एएस ११६, म्हणजे भाडेकरारांचं मानक, तपासून घ्या. सामाईक वाहिनीतला ३० टक्के क्षमतेचा हिस्सा म्हणजे वेगळी ओळखता येणारी मालमत्ता नव्हे, कारण तो हिस्सा प्रत्यक्षात वेगळा काढता येत नाही. पण मुख्य वाहिनीपासून एका ग्राहकाच्या डेपोपर्यंत टाकलेली फाट्याची वाहिनी, किंवा डेपोतली एक नेमून दिलेली टाकी, ही वेगळी ओळखता येते. मग दोन गोष्टी पाहायच्या: तिचा जवळजवळ सगळा फायदा तोच ग्राहक घेतो का, आणि तिच्यात कधी, काय, किती भरायचं हे तोच ठरवतो का? दोन्ही ‘हो’ असतील तर तो भाग भाडेकरार, आणि त्याचं उत्पन्न इंड एएस ११५ खाली येत नाही. टाकी क्रमांक करारात लिहिला आहे म्हणून लगेच भाडं ठरत नाही. कंपनीला सोयीने टाकी बदलण्याचा खरा हक्क असेल आणि तसं करण्यात तिचा आर्थिक फायदाही असेल, तर ती ओळखलेली मालमत्ता राहत नाही.

सेवा किती?

एकाच दरात ‘वाहतूक, टाकीत १५ दिवस साठवण, टँकर भरून देणं’ असं सगळं लिहिलेलं असतं. ग्राहक साठवण दुसऱ्याकडून घेऊ शकतो का, याचा विचार करा. घेऊ शकत असेल तर सेवा वेगळ्या. समजा एकत्रित दर किलोलिटरला ₹५०० आहे. वेगळी विकली तर वाहतूक ₹४४० आणि साठवण-भरणी ₹११०, म्हणजे एकूण ₹५५०. मग ₹५०० त्याच प्रमाणात वाटायचे: वाहतुकीला ₹४००, साठवण-भरणीला ₹१००. मार्चअखेर टाकीत पोचलेल्या पण टँकरमध्ये न भरलेल्या मालावर ₹४०० धरून झालेले असतात. ₹१००मधला साठवणीचा भाग दिवसांप्रमाणे आणि भरणीचा भाग माल भरल्यावर येतो. वाहतुकीचा आणि साठवणीचा असे दोन करार एकाच वेळी, एकमेकांवर किंमत अवलंबून ठेवून केलेले असतील, तर ते एकत्र धरूनच वाटणी करायची.

मोजमाप: इथे पैसे शांतपणे गळतात

हिशेबनीस मंडळी बहुतेकदा किलोलिटरचा आकडा तयार घेतात. तसं करू नये. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०८ टक्क्याने. टाकीतल्या मालाचं तापमान ३५ अंश असताना डिपने, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून घेतलेल्या मापाने, १०,००० किलोलिटर दिसले, तर १५ अंशांच्या प्रमाण तापमानाला ते सुमारे ९,८३० भरतात. सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेतला तर हा फरक नेहमीचाच. करारात ‘१५ अंशांना’ असं लिहिलं असेल आणि बिल नैसर्गिक तापमानाच्या आकड्यावर गेलं, तर किलोलिटरला ₹४०० दराने एका खेपेत १७० किलोलिटरचे ₹६८,००० जादा लागले. ग्राहक ते सहा महिन्यांनी परत मागतो आणि तोवर दोन तिमाह्यांचे आकडे जाहीर झालेले असतात.

दर टनाला असेल तर आणखी एक पायरी वाढते, घनतेची. ०.८३ घनतेचं १२ लाख किलोलिटर डिझेल म्हणजे सुमारे १० लाख टन. म्हणून प्रत्येक खेपेसाठी मीटरची नोंद, तापमान, घनता आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांचा पावती-दाखला हे चार कागद जुळले पाहिजेत. त्यातला एक नसेल तर महसूल धरायला भक्कम पाया नाही.

एकाच वाहिनीतून पेट्रोलमागे डिझेल जातं तेव्हा मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळतात. या मिश्रणाचं नुकसान कोणाकडे, हे करारात असतं. कंपनीने मर्यादेबाहेर मिश्रण केलं म्हणून ग्राहकाला भरपाई द्यावी लागली, तर ती बहुधा खर्चात न टाकता महसुलातून वजा करायची, कारण सेवेची किंमतच तेवढी कमी झाली.

महसूल कशाप्रमाणे धरायचा?

वाहतुकीचा फायदा ग्राहकाला ती चालू असतानाच मिळतो. तेल निम्म्या वाटेवर आलं आणि काम दुसऱ्या वाहकाने हाती घेतलं, तर त्याला आधीचं अंतर पुन्हा कापावं लागत नाही. म्हणून महसूल कालावधीत धरायचा. दर किलोलिटरला ठरावीक असेल आणि तो ग्राहकाला मिळालेल्या मूल्याशी जुळत असेल, तर जेवढं बिल लावण्याचा हक्क झाला तेवढाच महसूल, ही सवलत मानक देतं. साध्या थ्रूपुट करारात, म्हणजे जेवढं वाहिलं तेवढ्याचेच पैसे अशा करारात, ती पुरते.

मार्च ३१च्या मध्यरात्री पाइपात असलेल्या तेलाचं काय? १४ इंची वाहिनीत दर किलोमीटरला सुमारे ९० किलोलिटर मावतात. ४०० किलोमीटरची वाहिनी म्हणजे ३६,००० किलोलिटर. महिन्याला ३ लाख किलोलिटर वाहत असतील तर वेग तासाला साडेचार किलोमीटरच्या आसपास येतो आणि एक थेंब पोचायला साडेतीन दिवस लागतात. पाइपातलं तेल सरासरी निम्म्या वाटेवर धरलं, तर ३६,००० × ₹४०० × ½ म्हणजे ₹७२ लाखांचं काम झालेलं, पण माल पोचलेला नाही. घाबरू नका. वाहिनी वर्षभर भरलेलीच असते, तेव्हा आरंभीचे ₹७२ लाख आणि अखेरचे ₹७२ लाख एकमेकांना कापतात. नफ्या-तोट्यात उतरतो फक्त फरक. दर ₹४००वरून ₹४२० झाला असेल तर ₹३.६ लाख. खरा धक्का वाहिनी सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षी बसतो, किंवा वर्षअखेरीला ती रिकामी करून दुरुस्तीला काढली असेल तर. पाइप भरून ठेवणारं तेल कंपनीचं स्वतःचं असेल आणि ग्राहकाला दुसऱ्या टोकाला लगेच तेवढाच, त्याच प्रतीचा माल मिळत असेल, तर वाटेतला हा प्रश्नच उरत नाही.

शिप ऑर पे: सगळ्यात जास्त चुका इथे

आता मूळ मुद्दा. ग्राहकाने दरमहा किमान १ लाख किलोलिटर पाठवायचे, नाही पाठवले तरी ₹४०० दराने पैसे भरायचे. पावसाळ्यात डिझेलची मागणी घटते, आणि गाळप हंगाम सुरू झाला की ऊसवाहतुकीने ती चढते. त्यामुळे कमी पडलेला माल पुढच्या १२ महिन्यांत पाठवण्याचा हक्क, म्हणजे मेक-अप, ग्राहक मागतोच.

जुलैत ८०,०००च आले. २०,००० किलोलिटरच्या तुटीपोटी जीएसटी सोडून ₹८० लाखांचं बिल गेलं. नोंद अशी: ग्राहक खाते नावे ₹८० लाख, करार-दायित्व खाते जमा ₹८० लाख. महसूल शून्य. पैसे आले आहेत, ते परत द्यायचे नाहीत, तरीही शून्य, कारण २०,००० किलोलिटर वाहून देण्याचं कंपनीचं देणं अजून शिल्लक आहे. बिल लागलं की विक्री खात्यात टाकायचं ही सवय इथे महागात पडते.

नोव्हेंबरात १,०६,००० आणि डिसेंबरात १,०९,००० किलोलिटर आले. दोन्ही महिन्यांत बिल १ लाखाचंच, ₹४ कोटींचं. वरचे ६,००० आणि ९,००० मेक-अपमधून. ५,००० किलोलिटरचा हक्क उरला.

उरलेल्या ५,०००चं काय होईल याचा भरवशाचा अंदाज कंपनीकडे नसेल, तर नोव्हेंबरात ₹२४ लाख आणि डिसेंबरात ₹३६ लाख दायित्वातून महसुलात वळवायचे. राहिलेले ₹२० लाख मुदत संपल्यावर, किंवा ग्राहक हक्क वापरेल ही शक्यता नगण्य झाल्यावर.

मागच्या वर्षांच्या नोंदींवरून २०,०००पैकी १५,०००च वापरले जातील असं खात्रीने म्हणता येत असेल, तर रीत बदलते. न वापरल्या जाणाऱ्या हक्काची रक्कमही वापराच्या प्रमाणात धरावी लागते. नोव्हेंबरात ६,००० भागिले १५,००० गुणिले ₹८० लाख, म्हणजे ₹३२ लाख. डिसेंबरात ₹४८ लाख. दायित्व शून्यावर येतं. यात ऐच्छिक काही नाही. अंदाज भक्कम असेल तर दुसरीच रीत, नसेल तर पहिली. नफा हवा तसा दाखवायला रीत बदलता येत नाही.

एक तपासणी फार थोडे लोक करतात: मेक-अपसाठी वाहिनीत जागा आहे का? समजा इतरांचं आरक्षण वजा जाता या ग्राहकासाठी महिन्याला जास्तीत जास्त १,०१,००० किलोलिटरच जागा उरते. म्हणजे वर्षात मेक-अप होणार १२,०००च. ८,००० किलोलिटरचा, ₹३२ लाखांचा हक्क पहिल्या दिवसापासून कागदावरच आहे. हा आकडा हिशेब विभागाकडे नसतो, तो नियोजन विभागाकडे असतो. तो लेखी मागून फाइलला लावा.

मेक-अपच नसेल आणि किमान प्रमाण वर्षाचं असेल, तर १२ लाख × ₹४०० म्हणजे ₹४८ कोटी पक्के. ग्राहक ११ लाखच पाठवेल असा भक्कम अंदाज असेल तर दर किलोलिटरला सुमारे ₹४३६ महसूल वर्षभर धरला जातो. तूट मार्चमध्ये एकदम दिसत नाही. तिमाही निकाल जाहीर करणाऱ्या कंपनीत हा फरक चांगलाच उठून दिसतो.

बिघाड कंपनीकडे असेल, वाहिनी गळती किंवा चोरीच्या छेदामुळे दहा दिवस बंद असेल, तर करारानुसार किमान प्रमाण बहुधा घटतं. ती घट महसुलातून जाते. आधी पूर्ण महसूल धरून मग ‘बुडीत’ म्हणून खर्च टाकणं चूक.

जागा विकली असेल तर

ग्राहक तेल पाठवो वा न पाठवो, ठरावीक क्षमता त्याच्यासाठी राखून ठेवायची आणि तिचे पैसे घ्यायचे, अशा करारात सेवा आहे तयार राहण्याची. ती दर महिन्याला सारखीच, म्हणून महसूलही सारखा. पहिली ५ वर्षं ₹१० कोटी आणि पुढची ५ वर्षं ₹६ कोटी असा करार असेल, तर एकूण ₹८० कोटी, दरवर्षी ₹८ कोटी. सुरुवातीला दरवर्षी ₹२ कोटी दायित्वात साचतात, पाचव्या वर्षाअखेर ₹१० कोटी होतात, मग उतरत जातात. एवढ्या काळासाठी पैसे आगाऊ मिळाले म्हणजे त्यात व्याजाचा घटक आहे का, हेही तपासावं लागतं. एक वर्षाच्या आतल्या फरकाला त्यातून सूट आहे.

जोडणी-शुल्काचंही तसंच. फाटा टाकण्यासाठी ग्राहकाने ₹१२ कोटी दिले आणि फाटा कंपनीच्याच मालकीचा राहिला, तर ते पैसे मिळालेल्या वर्षाचं उत्पन्न नव्हेत. जोडणी ही स्वतःत वेगळी सेवा नाही, तिच्याशिवाय वाहतूकच होत नाही. १५ वर्षांच्या करारात दरवर्षी ₹८० लाख, आणि वरचा व्याजाचा प्रश्न इथेही.

बदलती किंमत आणि मालात मिळालेला मोबदला

वर्षाला १२ लाख किलोलिटर ओलांडले तर सगळ्या मालाला ₹४००ऐवजी ₹३८०, अशी सूट असेल आणि १३ लाख होतील असा अंदाज असेल, तर एप्रिलपासूनच ₹३८० धरायचे. बिल ₹४००चं, उरलेले ₹२० परतावा-दायित्वात. ऑक्टोबरात अंदाज ११ लाखांवर आला तर आजवरचा फरक त्याच तिमाहीत उलटवायचा.

टॅरिफ, म्हणजे वाहतुकीचा दर, नियामकाच्या हाती असतं. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०१०च्या विनियमांत पेट्रोलियम उत्पादनांच्या वाहिन्यांसाठी तेवढ्याच अंतराच्या रेल्वेभाड्याच्या ७५ टक्क्यांचा मापदंड ठेवला. त्या मापदंडाने रेल्वेभाडं बदललं की इथेही हलायचं. एखादा दर वादात असेल, मागील तारखेपासून घटण्याची शक्यता असेल, तर पुढे मोठी उलटापालट होणार नाही याची दाट खात्री असलेला भागच महसूल म्हणून धरायचा.

मालात मिळालेला मोबदला वेगळाच प्रकार. घटीपोटी ०.१ टक्के तेल कंपनीने ठेवून घ्यायचं असं ठरलं. १० लाख किलोलिटरवर १,००० मिळाले, प्रत्यक्ष घट ६०० झाली. किलोलिटरचं वाजवी मूल्य ₹७०,००० धरलं, तर या १,०००चे ₹७ कोटी वाहतुकीच्या महसुलातच येतात. घटीचे ₹४.२ कोटी खर्चात, उरलेल्या ४०० किलोलिटरचे ₹२.८ कोटी साठ्यात. पुढे तो साठा विकला की ती वेगळी विक्री. फक्त उरलेल्या ४००चा ‘इतर उत्पन्न’ म्हणून जमा टाकणं ही इथली नेहमीची चूक. पण तेलाची मालकी खरंच कंपनीकडे येते का, हे आधी करारात पाहा. नुसती घट माफ असेल आणि बचत ग्राहकालाच परत जात असेल, तर मोबदला मिळालेलाच नाही.

वर्षअखेरचे कागद

जीएसटी महसुलात धरायचा नाही, तो सरकारचा. पण तुटीच्या बिलावर कर आधी भरला जातो आणि महसूल नंतर येतो, त्यामुळे जीएसटी विवरणातली उलाढाल आणि पुस्तकातला महसूल जुळत नाहीत. करारवार तक्ता जुलैपासूनच ठेवा, मार्चमध्ये मागे जाऊन तो बनत नाही.

आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा आपल्या मानकात एक जादा मागणी आहे: करारातली किंमत आणि प्रत्यक्ष धरलेला महसूल यांचा मेळ, सूट, परतावा, दंड असे सगळे फरक वेगळे दाखवून. शिवाय आरंभीच्या दायित्वातून या वर्षी किती महसूल झाला आणि पुढच्या वर्षांत किती सेवा देणं बाकी आहे, हेही द्यावं लागतं. बाकी सेवेच्या आकड्यातून एक वर्षाच्या आतले करार आणि बिलाच्या हक्काप्रमाणे महसूल धरलेले करार वगळता येतात. क्षमता-आरक्षणाचे दीर्घ करार वगळता येत नाहीत.

३१ मार्चच्या रात्री डेपोत माणूस पाठवायचाच असेल तर त्याच्याकडून एवढं घ्यावं: मध्यरात्रीचं दोन्ही टोकांचं मीटर वाचन, वाहिनीतल्या खेपांचा क्रम आणि मालक, प्रत्येक टाकीची डिप, तापमान व घनता, आणि त्या क्षणी प्रत्येक ग्राहकाची मेक-अप शिल्लक, ग्राहकाच्या सहीने. सही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिळते. जूनमध्ये मागितली की तोच ग्राहक वेगळा आकडा सांगतो.